आईच्या उरलेल्या गोळ्या

इथले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगते, बहुतेकांना हसते. भूतबित, गेलेल्यांचे निरोप... माझा कशावर म्हणजे कशावर विश्वास नव्हता. आजही पुरता बसलाय असं नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्यात चूक सगळी माझी.

मी लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या रिसेप्शनला आहे. आईवडील तिकोणा पेठेत राहायचे. आईला शेवटची दोन वर्षं सारखी लघवी लागायची, पोचेपर्यंत धीर निघायचा नाही. हे तिने दादांना – म्हणजे माझ्या वडिलांना – कधी कळू दिलं नाही. “असलं काय सांगायचं गं त्यांना?” म्हणायची. माझ्याकडे येऊन गुपचूप डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी तिला खूप आराम पडला. दर महिन्याला मी त्या नेऊन द्यायचे, ती लुगड्यात लपवून घ्यायची. गेल्या वर्षी ती हार्ट अटॅकने गेली, तेव्हा दोन पाकिटं माझ्याच कपाटात राहिली होती.

मग दादा माझ्याकडे राहायला आले. त्यांचंही तेच, दर अर्ध्या तासाला उठायचे. तेवढ्यात उर्शाला आत्याच्या मुलाचं लग्न निघालं.

“म्या न्हाई येत,” दादा म्हणाले. “गाडी किती येळा थांबवशील? लोक हसत्यात.”

सख्ख्या भाच्याचं लग्न, आणि मामाच नाही? दवाखान्यात यायला ते तयार नव्हते, मला लग्नाचा दिवस सोडून रजा मिळत नव्हती. आणि माझा स्वभाव असा, की एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. म्हटलं, त्रास तोच तर गोळी तीच. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून पांढऱ्या डबीत भरल्या. पाकिटं रिसॉर्टच्या कचऱ्यात टाकली. दादांना सांगितलं, डॉक्टरांना विचारून आणल्यात.

तिसऱ्या दिवशी, सकाळचे साडेनऊ. मी कामावर निघत होते, दादा खिडकीशी चहा पीत होते.

“तुजी आई आलती आत्ता,” ते म्हणाले.

“डोळा लागला असेल तुमचा.”

“न्हाई गं, चहा पितोय की. म्हणली, माज्या गोळ्या तुमास्नी का देती, इचारा पोरीला.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तिला कसल्या गोळ्या व्हत्या?”

मी घाबरले. आणि घाबरले की मी चिडते.

“कसल्याही नव्हत्या. सकाळी सकाळी काहीतरी बोलू नका दादा. घ्या ती गोळी.”

त्यांनी मुकाट्याने घेतली... माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी लग्नात ते चार तास मांडवात बसून होते. “लय बरं वाटतंय, एकदाबी उठलो न्हाई,” म्हणाले. मी आत्याला कौतुकाने सांगत फिरले. जेवणाच्या पंगतीत त्यांनी पोट धरलं, कपाळावर घाम. लघवी होतच नव्हती. दवाखान्यात नळी घातली तेव्हा दीड लिटरच्या वर निघाली.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत, नुसतं समजावलं. आईची लघवीची पिशवी भरायच्या आधीच आकसायची, म्हणून तिला पिशवी सैल करणारी गोळी. दादांची प्रोस्टेट वाढून वाटच अडली होती. पिशवी कधी पुरती रिकामी व्हायची नाही, म्हणून ते सारखे उठायचे. त्यांना वाट मोकळी करणारी गोळी हवी होती. मी दिलेल्या गोळीने पिशवीत होता तोही जोर गेला. आधी नुसतं तपासून घेतलं असतं तरी पुरे होतं.

मूत्रपिंडांना बसलेला मार भरून आला नाही. हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. नळी आता कायमची. ज्यांना चारचौघांत न्यायला मी हा उपद्व्याप केला, ते आता उंबऱ्याबाहेर पडत नाहीत.

मी खूप डोकं चालवलं. आई कधी बोलली असेल? मग दादांनी मलाच का विचारावं, तिला कसल्या गोळ्या म्हणून? पाकिटं त्यांनी पाहिली नव्हती. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, मला आजवर सुचलेलं नाही.

दादांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कुणी भेटायला आलं की ते म्हणतात, “डॉक्टरनं गोळी चुकीची दिली. पोरीनं येळेवर नेलं म्हणून वाचलो.” मी चहा आणून ठेवते आणि आत निघून जाते.