चौकटीतून न उतरलेलं पॅड

आमच्या शाळेत हॉकी होती, पण मैदानावरची नाही. बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावर, पायात चाकांचे स्केट्स घालून आम्ही ती खेळायचो. मलकापुरात कुणाला सांगितलं की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, "पडत नाही का?" पडायचो. पीटीच्या सरांना बर्फावरच्या हॉकीचं वेड होतं, आणि बर्फाचं मैदान आमच्याकडे होणं शक्य नव्हतं, म्हणून हे.

सर मोबाइलवर परदेशातले सामने दाखवायचे. एकदा त्यांनी एक जुना आणि एक नवा गोलकीपर शेजारी शेजारी दाखवला. नवा दुप्पट रुंद दिसत होता. माणूस तेवढाच, पॅड्स वाढलेली. इतकी की गोल मारायला जागाच उरेना. मग तिकडे नियम करून पॅड्स लहान केली, आणि गोलकीपर तक्रार करू लागले की आता मार लागतो. "दोन्ही बाजू खऱ्या आहेत," सर म्हणाले. "पॅड तुम्हाला वाचवायला असतं, गोल झाकायला नाही. पण वाचवणं कुठं संपतं आणि झाकणं कुठं सुरू होतं, हे मला अजून कळलेलं नाही."

मला मात्र ते चांगलं कळत होतं, कारण मी गोलकीपर होते आणि आकारानं लहान होते. पहिल्या वर्षी सरांचंच एक जुनं, मोठं छातीचं पॅड मी घालायचे. त्यात माझे खांदे कुठं आहेत ते मलाही सापडायचं नाही. पण बॉल येऊन त्यावर आपटायचा आणि खाली पडायचा. सगळे टाळ्या वाजवायचे. मी कुणाशी फार बोलत नसे, आणि बोलल्याशिवाय मिळणारी ती एकच शाबासकी होती.

आठवीत ती आली. जानेफळची. तिच्या वडिलांनी तिला मलकापूरला मावशीकडे ठेवलं होतं, इंग्रजी शाळेसाठी. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, हाडापेरानं मोठी, आणि वर्गात पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, "मॅडम, मले मांगं बसू द्या, मांगच्यांना माह्या डोक्यामुळं फळा दिसणार नाई." सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या. आमच्या घरी 'मले-तुले' म्हटलं की आई डोळे मोठे करायची. मी शुद्ध बोलायला शिकले होते आणि त्या शुद्ध भाषेत मला कधीच काही सुचायचं नाही. तिला दर वाक्याला सुचायचं.

महिन्याभरात ती गोलमध्ये उभी राहिली आणि मी बाकावर गेले.

त्याच वर्षी आमच्या स्पर्धेत मापाचा नियम आला. छातीचं पॅड खेळाडूच्या उंचीच्या हिशेबानं, त्याहून जाड किंवा रुंद नाही. सर आम्हा दोघींना बाजारात गादीवाल्या चाचांकडे घेऊन गेले, कारण विकतची पॅड्स आमच्या शाळेला परवडत नव्हती. चाचा आयुष्यभर गाद्या भरत आलेले. त्यांनी वर रेक्झिन, आत पट्ट्यापट्ट्यांचं गादीचं कापड आणि त्यात पिंजलेला कापूस ठासून पॅड्स शिवली. माझं माप घेताना म्हणाले, "एवढीशी तर आहे, उशीतच काम होईल." तिचं माप घेताना टेप दोनदा लावली. तिच्या पॅडमध्ये माझ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कापूस गेला, आणि तो नियमात होता. नियमानंच तिला जास्त जागा दिली होती. तिला गोल झाकायला तिचं अंग होतं. मला माझी उशी.

निघताना सर आणि ती पुढं गेल्यावर चाचांनी मला बजावलं, "बेटा, ही रुई आहे. धूप खाल्ली की फुगणारच. उन्हातून काढली की काठीनं चार हात मारून बसवायची, मग माप घ्यायचं. नाही तर नापात बसणार नाही."

तिच्या मावशीच्या दोन खोल्यांना गच्ची नव्हती. आमच्या घराला होती. म्हणून शनिवारी दोघींची घामेजलेली पॅड्स माझ्याकडे यायची. मी ती वाळत घालायचे, पलटायचे, सावलीत आणून बडवायचे आणि सोमवारी शाळेत न्यायचे. दोन वर्षं मी हे केलं. तिचं पॅड बडवताना हाताला जास्त जोर यायचा, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

दहावीच्या वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी निवडीचा सामना आमच्याच कोर्टावर ठरला. जिंकणारा संघ अमरावतीला विभागीय स्पर्धेला जाणार होता. गोलमध्ये ती असणार हे ठरलेलंच होतं. बाबा आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू असशील ना गं आत? मी रजा टाकतो." मी म्हटलं, बघू. ते 'बघू' मला दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी सकाळी मी दोन्ही पॅड्स गच्चीवर टाकली. दहा वाजता माझं पॅड उचललं, जिन्यात आणलं, काठीनं बसवलं. तिचं उचलायला वर गेले. ते कडक उन्हात पोळीसारखं टम्म फुगलं होतं. मी ते पलटलं, दुसरी बाजू उन्हाला दिली आणि खाली आले. पाणी प्यायले. वेणी पुन्हा घातली. अकरा वाजता ते जसं होतं तसंच पिशवीत घातलं आणि शाळेत गेले.

मी तेव्हा काय विचार करत होते हे मला नीट आठवतं. तिला लागावं असं मनात नव्हतं. मापाच्या चौकटीत तिचं पॅड अडकेल, पंच नाही म्हणतील, आणि सर माझ्याकडे वळतील, एवढंच चित्र होतं. त्या चित्रात बाबा पहिल्या रांगेत बसलेले होते.

बाहेरून आलेल्या पंचांनी प्लायवूडची चौकट आणली होती. पॅड वरून सोडायचं, ते स्वतःच्या वजनानं खाली उतरलं पाहिजे. ढकलायचं नाही. माझं पॅड सरळ उतरलं. इतकं सरळ, की दुसऱ्या संघातली एक मुलगी म्हणाली, "हिच्या पॅडमध्ये काही आहे का नाही?" मग आमच्या गोलकीपरचं पॅड सोडलं आणि ते बरगड्यांपाशी अडकून लोंबत राहिलं.

"नियमाच्या बाहेर आहे," पंच म्हणाले. "हे घालून खेळता येणार नाही."

सरांनी पॅड हातात घेऊन फिरवून पाहिलं. "मागच्या वेळी तर उतरलं होतं." मग माझ्याकडे पाहिलं. तोच तो क्षण. मला एकच वाक्य बोलायचं होतं: सर, बडवायचं राहिलंय, पाच मिनिटं द्या. मी गप्प राहिले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी नेहमीच गप्प असायचे.

सर काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सर, कापूस काढा ना थोडा. काय होते त्याले?"

"तिथं बरगडी असते," सर म्हणाले.

"असू द्या. माही बरगडी काय काचेची हाय का? ए, ब्लेड हाय का वं तुह्याजवळ?"

शेवटचं मला होतं. माझ्या कंपासमध्ये ब्लेड होतं. मी दिलं. तिनं बाजूची शिवण उसवली आणि मुठीमुठीनं कापूस बाहेर ओढला. "धर," म्हणाली, आणि मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. उन्हानं फुगलेला कापूस, मूठभर काढला की पिशवीभर दिसायचा, त्यामुळे किती निघाला ते कुणाच्या लक्षात येईना. पॅड चौकटीतून उतरलं. तिनं दोन सेफ्टी पिना लावून शिवण बंद केली आणि घालून दोन उड्या मारल्या. "हलकं झालं बापा! आधीच काढाले पाह्यजे होता."

आणि ती तशी खेळली. हलकी होऊन. एरवी ती उभी राहायची आणि बॉल तिच्यावर यायचा. त्या दिवशी ती बॉलवर जात होती. डावीकडे, उजवीकडे, गुडघ्यावर. कोर्टाच्या कडेनं पोरी तिचं नाव घेऊन ओरडत होत्या. बाबा पहिल्या रांगेत होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी बाकावर बसून बोटं आवळत होते. माझा डाव फसला म्हणून नाही. मी तिचं कमी करायला गेले आणि ती आणखी चांगली झाली, म्हणून. असा हेवा मी आधी कधी अनुभवला नव्हता. तोंडात लोखंडाची चव येते, खरंच.

सामना संपायला थोडाच वेळ होता. समोरच्या कॅप्टननं जवळून जोरात फटका मारला. बॉल तिच्या डाव्या कुशीवर बसला. आवाज वेगळा आला, कापसावर येतो तसा दबका नाही. बॉल गोलमध्ये गेला नाही. ती हळूच खाली बसली आणि उठली नाही.

सरांनी मला आत पाठवलं. उरलेल्या वेळात माझ्याकडे एकही बॉल आला नाही. आम्ही जिंकलो.

डॉक्टरांनी बरगडीला बारीक चीर आहे म्हणून सांगितलं. सहा आठवडे खेळायचं नाही. शाळेतल्या अर्ध्या मुली तिला बघायला मावशीकडे जाऊन आल्या, आणि मला, काय सांगू, त्याचाही हेवा वाटला.

अमरावतीला गोलमध्ये मी उभी राहिले. बाबांनी खरंच रजा टाकली होती. पहिल्याच सामन्यात आमच्यावर तीन गोल झाले आणि आम्ही बाहेर पडलो. एकही बॉल माझ्या अंगावर आला नाही, सगळे माझ्या बाजूनं गेले. परत येताना गाडीत सरांनी फक्त विचारलं, "लागलं नाही ना कुठं?" मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती खाटेवर उशीला टेकून शेंगा सोलत होती. मावशी आत होत्या.

"ये वं, बस. अशी काऊन उभी हाय? मी मेली नाई अजून."

मी उभ्यानंच सांगितलं, की त्या दिवशी तुझं पॅड मी मुद्दाम बडवलं नाही.

ती हसायला लागली, मग कुशीला हात लावून थांबली. "हसवू नको वं, दुखते. तू? तू तं मुंगीले बी रस्ता देते. विसरली असशील."

माझ्यावर संशय घेण्याइतकीही मी तिला कधी मोठी वाटले नव्हते. मी पुन्हा सांगितलं. एक बाजू फुगली होती, मी पलटून दुसरी बाजू उन्हात दिली. माझं बडवलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला माहीत होतं, की पाच मिनिटांत ते उतरेल. कापूस काढायची गरज नव्हती. ब्लेड मी दिलं.

शेंगा सोलणारे हात थांबले. आतून मावशींनी विचारलं, "कोण आलं वं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या.

"अमरावतीले किती खाल्ले?" शेवटी तिनं विचारलं.

"तीन."

"मी एक बी नसता खाल्ला."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत हाय तं मंग जाय आता," ती म्हणाली, आणि मावशींना हाक मारून सांगितलं, "कोणी नाई, पॅडवाली होती."

मी चपला घातल्या. सोमवारी सरांना काय सांगायचं, ते मी रस्त्यातच पुटपुटून पाहिलं. वाक्य इंग्रजीत सोपं जात होतं, जणू दुसऱ्याच कुणी केलेलं सांगतेय, म्हणून ते सोडून पुन्हा मराठीत जुळवायला घेतलं.