यंत्राचा स्पर्श नाही

वीर स्टेशनावर उतरून रिक्षानं महाडला आले आणि हायवेवरच्या पहिल्याच दुकानात माझं डोकं फिरलं. बहिणीच्या नव्या घरासाठी मला काठवट (पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं) हवी होती. दुकानात काठवटी होत्या, देखण्या होत्या, आणि वर ही मोठी पाटी: 'एका कारागिराच्या हातचं. यंत्राचा स्पर्श नाही.' कारागीर कुठला, असं विचारलं तर मालक गोड हसून म्हणाला, "ते आम्ही सांगत नाही."

सांगत नाही म्हणे! मीच शोधायला निघाले. पोलादपूरहून पुढच्या एसटीत कंडक्टरला काठवटी कोण करतं ते विचारलं, तर त्यानं तिकीट देता देता सांगून टाकलं, "कापड्याला उतरा. धाकूभाऊंकडं."

कापड्याला भाताची खाचरं आणि मधून लाल वाट. धाकूभाऊंच्या पडवीत दोन खुंटांच्या मध्ये वाळलेल्या शिसवीचा ओंडका अडकवला होता. ते पटाशी लावून बसलेले. समोर त्यांची बायको, इंदूवहिनी, ओंडक्याला गुंडाळलेल्या दोरीची टोकं आळीपाळीनं ओढत होती. ती ओढायची तेव्हा ओंडका फिरायचा आणि भुसा उडायचा. उजवा हात मागे गेला की ती ओठ चावायची. एका कारागिराच्या हातचं, वा रे वा! ही बाई त्या पाटीवर कुठंच नव्हती.

"खांदा दुखतो का हो?" मी विचारलं.

"रातीचं या कुशीवर झोपता येत नाय," ती म्हणाली.

"मग मोटार का नाही लावत?"

धाकूभाऊंनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं. खाली कोरी करकरीत मोटार. "पोरानं मुंबैवरनं आणली. पट्टापण हाय. पण दुकानवाला बोलला, मोटार लावलीस तर माल घेनार नाय. गिऱ्हाइकाला हँडमेड लागतं."

नुसता संताप झाला. कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभा यावी म्हणून हिनं खांदा मोडून घ्यायचा? आणि तो दुकानवाला स्वतः एसीत बसून मशीनवर बिलं फाडणार!

"माझी काठवट मोटारीवर करा," मी म्हटलं.

पट्टा चढवला, बटण दाबलं, ओंडका घरघरला आणि लाईट गेली. इंदूवहिनी सवयीनं दोरीकडे वळली.

"ओढते थोडं, ताई. तुमची गाडी जायाची."

"दोरीला हात लावलात तर मी रिकाम्या हातानं जाईन."

मग तिनं तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. गाडी गेली ती गेलीच. दुपार कलल्यावर लाईट आली. काठवट होईपर्यंत इंदूवहिनी उंबऱ्यावर बसून एकटक बघत होती.

"कसं व्हतं ते आज बघितलं," ती म्हणाली. "इतकी वर्सं दोरीच बघत व्हते."

संध्याकाळच्या एसटीनं परतताना हायवेवर ते दुकान लागलं. उतरून मालकाला फैलावर घ्यावं असं फार वाटलं. पण मोटारीचं त्याला कळलं असतं आणि धाकूभाऊंच्याच पोटावर पाय आला असता. बसून राहिले. तोंड दाबून बसावं लागलं, तो राग अजून उतरलेला नाही.

बहिणीनं काठवट उलटसुलट करून पाहिली, कडेवरून बोट फिरवलं.

"सुरेख आहे गं. हातानं केलेली ना?"

"नाही," मी म्हटलं. "मोटारीवरची आहे. म्हणूनच आणली."