ठवरे सर, देव आणि वानर

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात फॉर्मेलिनच्या बरण्यांपेक्षा किस्से जास्त साठले होते, आणि निम्मे तरी ठवरे सरांचे! ऐंशी सालाच्या आसपास सरांनी कुठलंसं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि त्यांची खात्रीच पटली : देव, धर्म, पाप, पुण्य, सगळ्या वानरकाळातल्या सवयी. ऐकून घ्यायला मी, त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, आयताच सापडलो.

*

वर्गात सर म्हणाले, "गवत हललं की वाघ समजून जे पळाले, तेच वाचले. गवतामागे कोणीतरी आहे असं मानायची ती सवय. तिचाच पुढे देव झाला!"

पुढच्याच आठवड्यात कॉलेजची सहल गेली. गवत हललं. शेळी निघाली. पण सर तोवर बसमध्ये, काचा लावून!

*

सरांनी स्कूटर घेतली. बघतो तर हार, नारळ, चाकाखाली लिंबू!

"सर, हे काय?"

"प्रयोग करून राहिलो गा. पूजेनं गाडीत फरक पडते का, पाहाचं आहे."

"मग तुलनेला बिनपूजेची गाडी?"

"तुझी सायकल आहे ना!"

दुसऱ्या दिवशी माझी सायकल पंक्चर. सर आठवडाभर माझ्या नजरेला नजर देईनात!

*

परीक्षेत वानखेडे नावाचा पोरगा कॉपी करताना सापडला.

"लाज नाही वाटत?"

"सर, तुम्हीच त शिकवलं, टोळीतला मोठा वानर पाहून राहिला असन तवाच नीती असते. तुम्ही चहा प्याले गेलते!"

सरांनी पेपर हिसकावला. "मोठा वानर वापस आला!"

*

एकादशीला नंदनवन कॉलनीतल्या घरी सर वहिनींना समजावत होते, "उपास म्हणजे काय, टोळीले दाखवाचं, की पाहा, मी तुमचाच."

वहिनींनी त्यांच्यापुढची साबुदाण्याची ताटली उचलली. "मंग तुम्ही टोळीतले नाही ना?"

"आजच्या दिवस आहो ना वं!"

*

काटोलला सरांच्या सासऱ्यांची संत्र्याची बाग. एकदा मीही सोबत गेलो. विहिरीच्या काठावर बसून सर सांगत होते, "माणूस जीव धोक्यात घालते तो आपल्या रक्तासाठी. पोरगा, भाऊ, फार तर पुतण्या. सासूसाठी कोणी उडी मारत नाही. तिचं-आपलं रक्तच एक नाही!"

तेवढ्यात पलीकडे पाणी काढणाऱ्या सासूबाईंचा पाय घसरला. धप्प!

मी दोर शोधायला लागलो. सर मात्र चष्म्यासकट विहिरीत!

सासूबाई नदीकाठच्या गावात वाढलेल्या. एका हातानं पोहत, दुसऱ्या हातानं सरांची कॉलर धरून त्यांनी सरांना पायऱ्यांवर आणून टाकलं. मग लुगड्याचा पदर पिळत म्हणाल्या,

"जवाईबापू, पोहता येत नाही, त उडी काहून मारली जी?"