पाच पेट्या

गोदामातल्या वजनकाट्यावर शोगो उभा राहिला. काटा एकशे अठ्ठावीसवर जाऊन थांबला. किनुएने वाकून आकडा वाचला आणि शेजारी रचलेल्या सफरचंदांच्या पेट्यांकडे पाहिलं. एक पेटी वीस किलोची.

"सहा पेट्या आणि वर आठ किलो," ती म्हणाली. "तुला बघूनच शिडी राजीनामा देईल रे."

बागेतल्या तिपाई शिडीवर शंभर किलोची मर्यादा लिहिलेली होती. म्हणजे पाच पेट्या. त्यात गळ्यात अडकवायची टोपली, भरली की आठ किलोची. शोगोच्या वाट्याला उरले ब्याण्णव.

किनुएच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला शिडी बंद होती. यंदा वरच्या फांद्यांवरची फळं शेजारच्या साइतोंनी उतरवून दिली. "पुढच्या नोव्हेंबरात घरचं कुणी वर चढलं नाही, तर बाग साइतोंना कसायला देणार," तिने धाकट्या भावाला, शोगोला, स्पष्ट सांगितलं होतं. झाडं वडिलांनी लावलेली. पण नुसतं बुंध्याशी उभं राहून बाग होत नाही.

शोगो पंधराव्या वर्षी टोकियोला सुमोच्या तालमीत गेला आणि तेहेतिसाव्या वर्षी निवृत्त होऊन, पैलवानाची शेंडी कापून परत आला. तिथे त्याचं नाव ओकुइवा. वरच्या गटात तो कधी पोचला नाही. त्याच्या कुस्त्या सकाळी व्हायच्या, रिकाम्या खुर्च्यांसमोर. तरी पुकारा करणारा माणूस पंखा उघडून ते नाव असं लांबवायचा, की छातीत काहीतरी उभं राहायचं. गावात त्याला त्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

"अकरा महिने आहेत ताई. मला शिस्तीचं नको सांगूस," तो म्हणाला.

आणि त्याने शिस्त सुरू केली. पहाटे पाचला उपाशीपोटी गोदामात तीनशे शिको: एक पाय उंच उचलायचा, जमिनीवर दाणकन आपटायचा, मग दुसरा. न्याहारी नाही. दुपारी भाज्या, मासे, टोफू घातलेलं कालवण आणि चार वाडगे भात. मग दोन तास गाढ झोप. एकही दिवस चुकला नाही. फेब्रुवारीअखेर काटा एकशे एकतीसवर गेला.

गावच्या आरोग्यसेविका कुदोबाई रक्तातली साखर तपासायला आल्या, तेव्हा त्याने त्यांना दिनक्रम मोठ्या अभिमानाने सांगितला. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"शोगो-सान, हे अंग उतरवायचं वेळापत्रक नाही. हे अंग भरायचं आहे."

"पण मी दिवसातून दोनदाच जेवतो."

"उपाशीपोटी घाम, मग चौघांचं जेवण, मग झोप. तुमच्या वस्तादांनी अठरा वर्षं याच वेळापत्रकाने तुम्हाला वाढवलं ना?"

हसता हसता किनुएच्या हातातला चहा सांडायचा राहिला. "म्हशीला खुराक घालून विचारतोय, वाळत का नाही म्हणून!"

शोगोचे कान लाल झाले. त्याला तर ही एकच शिस्त ठाऊक होती.

बाईंनी नवी शिस्त लावली. सकाळी सातला न्याहारी: छोट्या वाडग्यात भात, मिसोचं सार, माशाचा एक तुकडा. दुपारी तोच वाडगा. रात्रीचं जेवण सहाच्या आत. शिको चालतील. दुपारची झोप बंद. तेवढा वेळ कालव्याच्या कडेने चालायचं.

किनुएने लहानपणीचा त्याचा सशाचं चित्र असलेला वाडगा शोधून काढला. भूक त्याने सोसली. झोप सुटेना. त्या झोपेत तालीम असायची: मातीवरून फिरणारा खराटा, शेजारी ओळीने घोरणारे वीस जण, कुणाच्या तरी दंडाचा ओला वास. कालव्याकाठी चालताना त्यातलं काहीच भेटत नव्हतं.

पहाटेची गोष्टही तशीच. तालमीत शिको मोजायचे आळीपाळीने. एकाने दहा ओरडले की पुढची मोजणी दुसऱ्याने उचलायची. इथे तो दहापर्यंत मोजे आणि सवयीने थांबे. गोदाम गप्प. मग पुढचे दहाही त्यालाच मोजावे लागत.

जूनमध्ये एकशे चौदा. ऑगस्टमध्ये एकशे तीन. साइतोंची आई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "किनुए, नवा गडी ठेवलास वाटतं? कामाचा दिसतोय."

"फुकट मिळालाय, आजी. खायलाही कमी लागतं."

शोगोही हसला. पण त्या संध्याकाळी तो न्हाणीघरातल्या आरशासमोरून बराच वेळ हलला नाही. अठरा वर्षांत घास घास करून बांधलेला माणूस कुठे गेला, हे तो त्या सैल कातडीत शोधत होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काट्याने ब्याण्णव दाखवले. किनुएने शिडी आणून सगळ्यात जुन्या झाडाखाली रोवली आणि तिसरा पाय दोन्ही हातांनी धरला.

"चढ."

तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला. शिडी कुरकुरलीसुद्धा नाही. टोपली भरली, खाली आली, पुन्हा वर गेली. चौथ्या फेरीला किनुए खालून म्हणाली, "साइतोंना संध्याकाळी सांगून येते. बाग आपल्याकडेच राहतेय."

"सांग," तो पानांतून म्हणाला.

ऊन कलल्यावर गोदामात त्याने कपाटातून तालमीतला काळा पट्टा काढला. जाड, सहा मीटर लांब. परत आल्यापासून तो बांधलाच नव्हता, कारण तो एकट्याने बांधता येत नाही. दुसऱ्याने टोक ताणून धरावं लागतं.

"ताई, जरा धरतेस?"

"तुझा लंगोट मी धरायचा होय?" असं म्हणत तिने टोक हातात घेतलं. तो चड्डीवरूनच स्वतःभोवती फिरत फिरत पट्टा गुंडाळत गेला. पूर्वी जिथे संपायचा, तिथे संपला नाही. आणखी एक वेढा बसला, तरी हातभर उरलाच.

"कापून टाकू का उरलेला?"

"नको. राहू दे. आता ओढ. पाय रोवून, जोरात."

गुडघे सांभाळत किनुएने ओढलं. तालमीत पट्टा ओढताना कधी न हललेला शोगो एक पाऊल मागे सरकला.

तिनेही ते पाहिलं. चटकन हात सैल केला. "लागलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. सरकलेल्या पावलाची रेघ गोदामाच्या मातीत उमटली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "परत ओढ, ताई."