यंत्राला शिवलेली खोळ

ऑफिसातल्या त्या शिपायाला सगळे चकाचक म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. साहेब खुर्चीतून उठले की तो खुर्ची पुसायचा, बसायला आले की पुन्हा पुसायचा. एकदा तर त्याने साहेबांचा चष्मा पुसला, तोही साहेबांच्या नाकावर असताना. धुळीशी त्याचं सात जन्मांचं वैर. त्यात ऑफिसासमोर चौक, चौकात रात्रंदिवस ट्रक आणि बसगाड्या, त्यामुळे हे वैर कधी शिळं झालंच नाही.

अशा माणसाच्या ताब्यात हवा मोजायचं यंत्र दिलं, हीच मुळात घोडचूक. गच्चीवर एक पेटी आली, तिच्यावर हवा आत ओढणारी नळी, आणि खाली चौकात आकडा दाखवणारा फलक. बसवणारा इंजिनिअर जाताना म्हणाला, "महागाचं आहे हो, जपा." झालं! चकाचकने बायकोकडून जाड कापडाची खोळ शिवून घेतली, नाडीसकट, आणि नळीला करकचून बांधली. एवढ्या महागाच्या यंत्रात धूळ जाऊ द्यायची म्हणजे काय?

फलकावरचा आकडा धाडकन उतरला, लाल अक्षरं हिरवी झाली. शहरातली सगळ्यात शुद्ध हवा याच चौकात, असं पेपरात छापून आलं. चकाचकला वाटलं, आपण रोज झाडतो त्याचं हे फळ. साहेबांना वाटलं, आपल्या कारभाराचं.

ती बातमी चकाचकच्या बायकोच्या थोरल्या भावाने वाचली. दादाने उभ्या जन्मात विडीला हात लावला नव्हता, पण तो जन्म गेला बसडेपोत, इंजिनांच्या धुरात. गेल्या वर्षी फुप्फुसात गाठ निघाली, कॅन्सरची. एक फुप्फुस काढून टाकलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या धुरानेही होतो हा रोग. आता उरलेलं सांभाळा, चांगल्या हवेत राहा. दादाने डेपोशेजारची खोली सोडली आणि तो ट्रंक घेऊन बहिणीकडे आला. तिचं घर ऑफिसच्या मागेच होतं.

रोज सकाळी चकाचक त्याला चौकात नेऊन फलकासमोर उभा करायचा. "ओढा दादा, छाती भरून ओढा. फुकट आहे." दादा ओढायचा आणि खोकून खोकून बेजार व्हायचा. "जुना धूर बाहेर पडतोय," चकाचक समजूत घालायचा. अर्धवट ज्ञान म्हणतात ते हेच.

मग एक दिवस इंजिनिअर तपासणीला आला आणि खोळ बघून गच्चीवरच मटकन बसला.

"ही कोणी घातली?"

"मी. दर आठवड्याला धुतोसुद्धा."

"अहो, ते धूळच मोजतं," इंजिनिअर म्हणाला आणि त्याने नाडी सोडली. थोड्याच वेळात खालचा फलक लालभडक झाला.

चकाचकच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरीचा विचारही त्याच्या मनात आला नाही. दादाचं उरलेलं एकुलतं फुप्फुस आपण आपल्या हाताने चौकात नेऊन नासवलं, एवढंच डोक्यात घण घालत होतं. तो तसाच घरी गेला आणि भडाभडा सगळं सांगून मोकळा झाला.

"नाडी मीच लावली होती," बायको कपाळाला हात लावून म्हणाली.

"मारा मला, दादा," चकाचक म्हणाला.

"मारायला दम कुठून आणू, दाजी?" दादा म्हणाला. चकाचकला वाटलं, आता हा ट्रंक भरायला घेणार. पण दादा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"मी ही हवा दोन महिने घेतली," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही दोघं कधीपासून घेताय?"

"लग्नापासून," बायको म्हणाली, आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला तिला आवरेना.