सख्खी सवत

नरगुंदच्या बायका म्हणायच्या, बांगड्या भराव्यात तर दानव्वाकडूनच. हात कितीही आखडलेला असो, ती गप्पांच्या नादात अंगठ्याचं बूड असं दाबून धरायची की बांगडी मनगटात उतरल्यावरच बाईला पत्ता लागायचा. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. तरी ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या तिच्याच हातून भरायच्या, असा गावात पायंडा पडला होता.

मूल होईना म्हणून सासूनं नवऱ्याचं, मुदकप्पाचं, दुसरं लग्न लावून दिलं. परक्या घरची कशाला, म्हणून दानव्वाची धाकटी बहीण नीलव्वाच आणली. त्या लग्नात नवरीला बांगड्या दानव्वानंच भरल्या. तेव्हापासून दोघी एकाच घरात, पण चुली दोन. बोलणं नीलव्वाच्या मुलांच्या तोंडून. "तुझ्या आईला सांग, जोंधळे दळून आणायचेत." "मोठ्या आईला सांग, तूच जा म्हणावं, माझे पाय दुखतात." मुलं मोठी झाली, मुलगा बंगळूरला गेला, मुलगी बदामीला दिली, आणि निरोप न्यायलाही घरात कुणी उरलं नाही.

अशा घरात छातीत गाठ लागली तर सांगायची कुणाला? न्हाताना साबणाचा हात अडला तेव्हा दानव्वाला वाटलं, गळू असेल. मग तिनं पाला वाटून लावला. बाजार असायचा, जत्रा असायच्या, बांगड्यांचं गाठोडं खांद्यावरून डाव्या बाजूला लोंबायचं आणि दुखायचं, तर तिनं गाठोडं उजव्या खांद्यावर घेतलं. गाठ वाढली, कातडी आत ओढली गेली, तरी ती गप्पच.

वाळत घातलेले कपडे गोळा करताना नीलव्वाच्या हाताला तिची चोळी लागली. धुऊनही डाग गेला नव्हता. चोळी तशीच हातात धरून ती अक्काच्या चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

इतक्या वर्षांत सरळ तोंडावर बोललेले हे पहिले शब्द. दानव्वानं भाकरी उलटली. "काही नाही. गळू फुटलंय."

"दाखव."

"तुला काय दाखवायचं?"

"मग काय ह्यांना दाखवणारेस? दाखव म्हणते ना."

दानव्वानं पदर बाजूला केला. नीलव्वा खाली बसली आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली ती तिनं काढली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती अक्काला हुबळीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, बोलायला मऊ. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

"दोन," नीलव्वानं उत्तर देऊन टाकलं.

"अंगावर पाजलं होतं का?"

नीलव्वानं अक्काकडे पाहिलं. दानव्वा छताकडे बघत म्हणाली, "मला मूल नाही, बाई. ती दोन हिची. ही माझी बहीण आणि हीच सवत." डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. मग नीलव्वाकडे बघून म्हणाल्या, "सख्खी बहीण ना? मग तुम्हीही एकदा तपासून घ्या." नीलव्वा बरं म्हणाली आणि विसरून गेली.

यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबून फोटो काढला, जाड सुईनं गाठीचा तुकडा घेतला. तो कॅन्सरच निघाला. बगलेतही पोचलेला. नुसत्या गोळ्यांनी आवरणाऱ्यातला नाही, आधी केमोची सलाइनं, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक, असं सांगितलं.

घरी मुदकप्पा तंबाखू मळत ऐकत होता. "ह्या वयात कशाला कापाकापी," तो म्हणाला. "देवावर सोडावं."

"तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी देव गावाला गेला होता का?" नीलव्वा म्हणाली. तो उठून बाहेर गेला.

पहिल्या केमोनंतर दानव्वाला उलट्यांनी उठू दिलं नाही. केस गेले ते वेणीच्या वेणी उशीवर राहिले. तोंड आतून सोलवटलं, चटणीचा वाससुद्धा झोंबायचा. नीलव्वा मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला लावायची, आंबील गार करून चमच्यानं भरवायची. चुली कधी एक झाल्या ते दोघींनाही आठवत नव्हतं. भांडण मात्र चालूच होतं. "गिळ मुकाट्यानं." "तुझ्या हातची आंबील पहिल्यापासून खारट." "जिभेला चव नाही म्हणालीस ना, मग खारट कसं कळलं?"

दोन केमोंच्या मध्ये जरा बरं वाटायचं तेव्हा दानव्वा डोक्याला पदर घट्ट बांधून बाजारात बसायची. पण नखं काळी पडली होती. एका नव्या सुनेनं हात पुढे केला, नखं पाहिली आणि मागे घेतला. "हे लागत नाही ना आम्हाला?" सासूनं विचारलं. दानव्वा नाही म्हणाली. त्या निघून गेल्या.

त्याचं तिला तितकं लागलं नाही. पुढच्या औषधानं बोटांना मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत, ते लागलं. बांगडी चिमटीत आहे की नाही हेच समजेना. ओटीभरणाला बोलावलं होतं तिथं पोटुशीच्या मनगटावर बांगडी फुटली, काच रुतली, रक्त आलं. सगळ्या बायकांचे चेहरे उतरले. घरी येऊन दानव्वानं गाठोडं माळ्यावर टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुंग्या कमी होतील, वेळ लागेल. "किती?" असं तिनं विचारलं नाही.

ऑपरेशनमध्ये डावी छाती गेली, बगलेतल्या गाठीही काढल्या. नळी आणि पिशवी अडकवून ती घरी आली. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. नीलव्वा मागे उभी राहून म्हणायची, "अजून वर. कॅलेंडरपर्यंत तरी." तरी शेक संपता संपता हात सुजलाच, खांद्यापासून बोटांपर्यंत. तिच्या स्वतःच्या हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या. दवाखान्यात त्या कापून काढल्या.

"एका हातात तरी राहू दे," मुदकप्पा म्हणाला. "मी जिवंत असताना लोक काय म्हणतील?"

"उजव्यात आहेत की," दानव्वा म्हणाली. "तुम्ही अर्धे जिवंत आहात असं सांगा."

नीलव्वा हसली. दानव्वाही हसली आणि शेकानं भाजलेली कातडी ओढली गेली म्हणून लगेच थांबली.

त्यानंतर काही महिने बरे गेले. डोक्यावर बारीक केस आले, जिभेला चव आली. दोघी मिळून बदामीला मुलीकडे जाऊन आल्या. मग दानव्वाची पाठ दुखू लागली. तिनं शेंगा निवडत बसल्यामुळे असेल म्हटलं. वाकता येईना तेव्हा पुन्हा हुबळी, पुन्हा फोटो. मणक्यात आणि यकृतात पसरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "खोटं सांगत नाही, दानव्वा. आता बरं करणारं औषध नाही माझ्याकडे. दुखणं कमी ठेवता येईल, तेवढं नक्की करीन."

"मग एवढं सगळं केलं ते?" नीलव्वानं विचारलं.

"करायलाच हवं होतं. आधी आल्या असत्या तर..." त्या थांबल्या. मग त्यांनी नीलव्वाला विचारलं, "तुम्ही तपासून घेतलंत का?"

नीलव्वानं नाही म्हणून मान हलवली. वेळ कुठं होता. आणि खरं तर अक्काची छाती त्या पाट्यांमध्ये दाबलेली तिनं पाहिली होती.

घरी आल्यावर दानव्वानं दुखण्याचं औषध घ्यायला साफ नकार दिला. "तू फोटो काढून ये, मग घेईन."

"मला काही नाही झालेलं."

"मलाही गळूच होतं."

रात्र तिनं ओठ चावून काढली. सकाळी नीलव्वानं साडी बदलली आणि गाडी धरली.

तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. हाताला न लागणारी, वाटाण्याएवढी. तीही तीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडली आहे, आशा धरायला हरकत नाही. नीलव्वाला त्यातलं फक्त "तीही तीच" ऐकू आलं. ती येऊन अक्काच्या खाटेवर पायथ्याशी बसली.

"बारीक आहे म्हणाल्या ना?" दानव्वानं विचारलं.

"बारीकच."

"मग तू वाचशील."

"आणि तू?"

दानव्वा म्हणाली, "केस आधीच कापून घे. गळताना बघवत नाही. चटणी आत्ताच पोटभर खाऊन घे, मग जमणार नाही. आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही, ऐकलंस? मी थांबले होते, मरता मरता वाचले."

"वाचलीस कुठे," नीलव्वा म्हणाली आणि पदरात तोंड खुपसून रडली. दानव्वाचा सुजलेला हात खाटेवरून उचलला जात नव्हता. उजवा उचलला जात होता, पण बहिणीपर्यंत पोचेना.

नीलव्वाचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मुदकप्पा तिला दवाखान्यात नेऊ-आणू लागला. देवावर सोडायचं तो आता बोलला नाही. बदामीची मुलगी आपल्या लेकीला घेऊन येऊन राहिली. ती आंबील भरवायला बसली की दानव्वा तिच्याकडे टक लावून बघायची. एकदा म्हणाली, "तूही तपासून घे. हिलाही मोठी झाली की सांग." मुलीच्या हातातला चमचा थांबला. "मोठ्या आई, नको ना आत्ता," ती म्हणाली. मग दानव्वानं तो विषय काढला नाही. पण खाणंही सोडलं.

दुसऱ्या केमोनंतर नीलव्वाला ताप आला. ती घरी थांबली नाही, गेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, कुणाला आत सोडेनात, तिला बाहेर जाऊ देईनात. त्याच दिवसांत एका दुपारी दानव्वा गेली. मुलगी पाणी आणायला उठली होती तेवढ्यात.

मुदकप्पानं दवाखान्याच्या खिडकीबाहेरून फोनवर सांगितलं. नीलव्वानं घरी सोडा म्हणून हातापाया पडून पाहिलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. अक्काला गावाबाहेर नेलं तेव्हा ती खाटेवर बसून होती, हातात सलाइन, तोंडात फोड. परिचारिका चुळा भरायला पाणी घेऊन आली. नीलव्वानं पेला घेतला आणि सांगितल्याप्रमाणे चुळा भरल्या.