भेटीची वही

चिमणीची आई कपड्यांना इस्त्री करायची. दुकान दुसऱ्याचं, इस्त्रीही दुसऱ्याची, हात तेवढे तिचे. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते. कोणीही समोर आलं की तिची नजर आधी त्याच्या कॉलरवर जायची. आमच्या बालगृहाच्या पहारेकऱ्याला पहिल्याच दिवशी म्हणाली, "भाऊ, बाहीला दोन घड्या पाडल्यात. कोणी केली इस्त्री?"

"मीच."

"वाटलंच. पुढच्या खेपेला काढून ठेवा, नेते मी."

बालगृहात लहान मुलींच्या खोलीचं काम माझ्याकडे आहे. चिमणी आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच. मग आईला फुप्फुसाचा आजार झाला आणि आठ महिने दवाखान्यात राहावं लागलं. पोरीला बघणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढे ती बरी झाली, कामाला लागली, एक खोलीही घेतली. आता तिला लेक परत हवी होती. ते ठरवायचं होतं बालकल्याण समितीनं, आणि तोवर दर रविवारी दोन तास भेट.

दार अकराला उघडायचं, ही दोन बस बदलून दहालाच पायरीवर हजर. भेटीत चिमणीचे केस विंचरायची, नखं कापायची आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. "एक साहेब आहेत, त्यांना पायजम्यालासुद्धा कडक घडी लागते. मी म्हटलं, साहेब, झोपेत कुठं सभेला जायचंय?" चिमणी इतकी खिदळायची की तिला उचकी लागायची.

भेट संपली की मी भेटीच्या वहीत लिहायचे. तारीख, कोण आलं, आणि शेवटच्या रकान्यात 'भेटीनंतर मुलीची अवस्था'. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. त्या चांगल्या अक्षरात मी लिहीत गेले. आई गेल्यावर रडली. जेवली नाही. रात्री अंथरूण ओलं केलं. असे अकरा रविवार. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

समितीनं वही वाचली आणि तीन महिने भेटी बंद केल्या. आईला भेटल्यावर मुलीला त्रास होतो, असं कारण दिलं.

दारात उभं राहून तिला ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं. तिनं पोरीसाठी केसांच्या पिना आणल्या होत्या. त्या मुठीत धरून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझं काय चुकतं तेवढं सांगा. मी ते नाही करणार. हसवत जाऊ नको का तिला? लांब बसू का?"

"वरून आलंय हे," मी एवढंच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या कपडे धुणाऱ्या मावशी चादरींचा ढीग उचलताना म्हणाल्या, "काय हो, चिमणीची आई येत नाही ना आता? मग हिच्या चादरी का कमी होत नाहीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आठवड्याला चार. पोर इथं आली तेव्हापासून चारच. तुम्हीच तर आणून देता मला!"

खरंच, मीच आणून देत होते. मंगळवारी देत होते, गुरुवारीही. पोर रडायचीही रोजच. पण बाकीच्या दिवसांना वहीत जागा नव्हती, म्हणून मी ते कुठं लिहिलंच नाही. खिदळायची ती भेट चालू असताना, आणि रकाना होता भेटीनंतरचा.

त्याच दिवशी कार्यालयात जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. नोकरी जाईल असं वाटलं. मग वाटलं, समितीला आपल्यापेक्षा जास्त कळतं. खरं कारण निराळं होतं, आणि ते प्रार्थनेत देवालाही सरळ सांगायचा मला धीर झाला नाही. रविवारी चिमणी आता माझ्या मांडीवर येऊन बसायची, आणि मला ते आवडायला लागलं होतं. दहा आठवडे मी तोंड शिवून बसले.

तीन महिन्यांनी समिती बसली. समितीच्या बाईंनी वही उघडून आईला विचारलं, "तुम्ही भेटून गेलात की मुलीला त्रास होतो. हे तुम्हाला मान्य आहे?"

मला वाटलं, आता ही भांडेल. भांडायलाच हवं होतं तिनं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताईंनी लिहिलंय ना? मग मान्य आहे. त्या खोटं लिहिणार नाहीत."

त्यानंतर मला खुर्चीत बसवेना. उठून मी सांगितलं, "बाई, ते अर्धंच आहे. पोर रोज रडायची. मी फक्त रविवारचं लिहिलं. भेटीत हसायची, तेही लिहिलं नाही."

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"दहा आठवडे झाले."

"दहा आठवडे! आणि आज सांगताय?"

"हो."

मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती. भेटी त्याच आठवड्यापासून पुन्हा सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत मुलीला घरी पाठवायचा विचार करू, असं ठरलं.

रविवारी ती बाकावर येऊन बसली. चिमणी माझ्या मागे लपली होती. मी तिला पुढे केलं तशी ती हळूहळू गेली आणि आईपासून हातभर अंतरावर थांबली. आईचे हात मांडीवरच होते. पोरीकडे न बघता तिनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, जवळ घेऊ का हिला? रात्री त्रास होईल म्हणून विचारते. तेरा रविवार डोक्यात हेच होतं, माझ्या हातांतच काहीतरी वाईट आहे. शेजारणीचं बाळसुद्धा उचललं नाही मी."

पोटच्या लेकीला जवळ घ्यायला ती मला विचारत होती.

"घ्या ना. मला नका हो विचारू."

तरी तिचे हात मांडीवरून लगेच उचलले गेले नाहीत.